डोक्याला करंट देतात, म्हणजे नेमकं काय करतात?

(महासंघाच्या आरोग्य मेळाव्यात, मनोविकार विभागात अनेक वर्षं काम केलेल्या एका परिचारिकाताईंनी केलेलं भाषण. बोललेलं शक्यतो तसंच ठेवलं आहे. शेवटी मैत्रिणींनी विचारलेले काही प्रश्न दिले आहेत.)



मला विषय दिला होता 'महिलांचं मानसिक आरोग्य'. पण तुमच्या दोन सीआरपी ताई आधी येऊन भेटल्या. म्हणाल्या, "ताई, मन शांत ठेवा, योगा करा, हे नका सांगू. ते आम्ही लई ऐकलं. आमच्या गटातल्या एका बाईला डॉक्टरांनी शॉक घ्यायला सांगितलंय. नवरा नको म्हणतो. सासू म्हणते पुरी येडी होईल. आणि ती बाई स्वतः म्हणते, मले काही यादच नाही राह्यली तं पोरं कशी वळखू? यावर बोला."

म्हणून आज यावरच बोलणार. शॉक म्हणजे काय, त्याने आठवणींचं काय होतं, आणि ही वेळ आपल्या गटातल्या बाईवर आली तर गटाने काय करायचं.

आधी आजार कोणता ते बघू. दुःख आणि डिप्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोंडअळीने कपाशी गेली, केळीचा भाव पडला, घरात कोणी गेलं, की माणूस रडतं, जेवण जात नाही. ते दुःख. चार लोकं आली, काम लागलं, की हळूहळू उतरतं. डिप्रेशन तसं उतरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ सकाळी उठावंसंच वाटत नाही, झोप पहाटे तीनला उडते, भूक मरते, आवडतं काही राहत नाही, आणि मनात एकच घोळतं की माझ्यामुळे सगळ्यांना ताप आहे. बऱ्याच बाया 'मन उदास आहे' असं म्हणतच नाहीत. त्या म्हणतात डोकं जड झालंय, अंग भरून आलंय, हातापायात जीव नाही. मग सलाईन लावतात, ताकदीचं इंजेक्शन घेतात, आणि महिने निघून जातात. सरकारने 2015-16 मध्ये देशभर पाहणी केली होती, तिच्यात दिसलं की वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. म्हणजे दोन गट एकत्र बसवले की त्यात एखादी असणारच. तुम्ही आत्ता मनात कोणाचं तरी नाव घेतलं असेल.

यातल्या बहुतेक बायांना शॉकची गरज पडत नाही. गोळ्या लागतात, बोलून घ्यायचे उपचार लागतात, घरचा जाच असेल तर तो थांबवावा लागतो. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि तेवढ्यात लोक कंटाळून सोडून देतात, हा आपल्याकडचा मोठा घोळ. पण काही बायांचा आजार फार पुढे गेलेला असतो. अन्नपाणी सोडलेलं असतं. बोलणं बंद झालेलं असतं, एका जागी दगडासारख्या बसून राहतात. जीव द्यायचे विचार थांबत नाहीत, घरचे रात्रंदिवस पहारा देत असतात. किंवा दोन-तीन तऱ्हेच्या गोळ्या नीट, पुरेसे दिवस घेऊनही गुण आलेला नसतो. अशा वेळी महिनाभर वाट बघायला वेळच नसतो. तिथे डॉक्टर शॉकचं नाव काढतात. कागदावर ईसीटी असं लिहिलेलं असतं.

आता हा शॉक आपल्या डोक्यात कुठून आला? सिनेमातून. हातपाय बांधलेत, चार जणांनी दाबून धरलंय, बाई किंचाळतेय, खलनायक बाजूला हसतोय. हे सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. 1938 साली इटलीत, रोममध्ये, चेरलेत्ती आणि बिनी या दोन डॉक्टरांनी पहिल्यांदा असा उपचार केला, तेव्हा भूल दिली जात नव्हती. झटका इतका जोरात यायचा की कधी कधी पाठीचा मणका मोडायचा. पुढे भूल आणि स्नायू सैल करायचं औषध आलं. पण आपल्या देशात भूल देणारे डॉक्टर कमी म्हणून बिनभुलीचा शॉक, त्याला 'डायरेक्ट' म्हणायचे, कितीतरी वर्षं चालू राहिला. त्याच्या विरोधात लोक भांडले. पुण्यात बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर या बाईंनी यावर वर्षानुवर्षं आवाज उठवला. त्यांचं शॉकविषयीचं सगळंच म्हणणं डॉक्टरांना पटत नाही, मलाही सगळं पटत नाही. पण रुग्णाच्या बाजूने कोणीतरी कडक बोलावं लागतं, त्याशिवाय व्यवस्था हलत नाही, हे तुम्हाला रेशन दुकानावरून माहीत आहे.

शेवटी 2017 साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला, आणि 29 मे 2018 पासून तो लागू आहे. त्याच्या कलम 95 मध्ये साफ लिहिलंय: भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी. त्याच कलमात मानसिक रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला पण बंदी आहे. 2001 साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळीने बांधलेली 28 माणसं जागची हलू शकली नाहीत, जळून मेली. आपल्याकडे अजून कुठल्या दर्ग्यावर, कुठल्या बाबाकडे बाईला बांधून ठेवलेलं कानावर आलं, तर तो श्रद्धेचा विषय नाही, कायदा मोडल्याचा विषय आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. हे सावकाश सांगणार, कारण न बघितलेल्या गोष्टीची भीती जास्त असते.

आधी तपासण्या होतात. रक्त, हृदयाचा ईसीजी, ब्लड प्रेशर, भूल देणारे डॉक्टर तपासतात. आदल्या रात्रीनंतर खायचं नाही. इथे आपल्या घरात एक गोष्ट हटकून होते. सकाळी सासू म्हणते, लेकरू उपाशीपोटी कसं जाईल, आणि घोटभर चहा-बिस्कीट देते. मायेने देते. पण भुलीत असताना पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जातं, जिवावर बेततं. म्हणून चहा दिला असेल तर दिला म्हणून सांगायचं, लपवायचं नाही. त्या दिवशीचा शॉक पुढे ढकलतात, एवढंच.

डोक्याला तेल नको, केस धुतलेले हवेत, कारण तेल असलं तर पट्टी नीट टेकत नाही. नखांना रंग नको, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. कवळी काढायची. बांगड्या, नथ, पैंजण, मंगळसूत्र काढून घरच्यांकडे द्यायचं. मंगळसूत्र काढायला बाया घाबरतात. मी त्यांना सांगायची, बाळंतपणाच्या ऑपरेशनला काढलं होतं ना, तसंच हे.

मग शिरेतून भूल देतात. बाई झोपते. नंतर स्नायू सैल करायचं औषध जातं. तोंडात मऊ ठोकळा ठेवतात, दात आणि जीभ सांभाळायला. ऑक्सिजन चालू असतो. कपाळाच्या बाजूला दोन पट्ट्या टेकवून मशीनमधून मोजून-मापून, बारीक ठोक्यांच्या रूपात, काही सेकंद करंट देतात. घरच्या बोर्डातली लाईट नसते ती. त्याने मेंदूत फिट येते, साधारण अर्धा ते एक मिनिट. औषधामुळे अंग उसळत नाही, कधी पायाचा अंगठा तेवढा हलताना दिसतो. मग फिट थांबते, पाच-दहा मिनिटांत बाई डोळे उघडते. तिला दुखलेलं नसतं, कळलेलंही नसतं. नंतर डोकं दुखतं, अंग ठणकतं, मळमळतं, ते दिवसभरात जातं. भुलीचा जो धोका असतो तो असतोच, पण लाख वेळा शॉक दिला तर दोनच्या आसपास मृत्यू, इतका तो कमी आहे.

असे शॉक आठवड्यातून दोन किंवा तीन, एकूण साधारण सहा ते बारा. गुण कशाने येतो? करंटने नाही, त्या आवरात ठेवलेल्या फिटने. तिने मेंदूतली रसायनं आणि जोडण्या बदलतात, यावर अजून अभ्यास चालू आहे. पण गुण येतो हे पक्कं आहे. फार जड डिप्रेशनमध्ये शंभरातल्या साठ ते ऐंशी जणांना फरक पडतो, आणि तो गोळ्यांपेक्षा लवकर दिसतो. पाणीसुद्धा न घेणारी बाई चौथ्या-पाचव्या शॉकनंतर 'भूक लागली' म्हणते, हे मी खूपदा पाहिलंय.

आता मूळ प्रश्न. आठवणीचं काय?

इथे दोन टोकं भेटतात. काही ठिकाणी सांगतात, काही होत नाही, घाबरू नका, सही करा. आणि गावात सांगतात, सगळं पुसलं जातं. दोन्ही चूक. होतं, पण काय होतं ते नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे शॉकनंतर लगेच येणारा गोंधळ. मी कुठे आहे, आज कोणता वार, ही बाई कोण. अर्धा तास, तासभर, वय जास्त असेल तर जरा जास्त. तेव्हा घरचं ओळखीचं माणूस जवळ हवं. नवऱ्याने "मला ओळखलं का? सांग मी कोण?" अशी परीक्षा घ्यायची नाही. शांतपणे सांगायचं, मी अमका, आपण दवाखान्यात आहोत, सगळं ठीक आहे.

दुसरी गोष्ट, कोर्स चालू असतो त्या तीन-चार आठवड्यांत नवीन गोष्ट डोक्यात टिकत नाही. सकाळी पाहुणे येऊन गेले, संध्याकाळी आठवत नाही. दूध कुठे ठेवलं, कोणाला काय सांगितलं, निसटतं. हे कोर्स संपल्यावर भरून येतं. 2010 साली चौऱ्याऐंशी अभ्यासांचे, मिळून तीन हजारांच्या जवळपास रुग्णांचे निकाल एकत्र करून पाहिले. त्यात दिसलं की लक्ष आणि नवीन गोष्ट शिकणं हे शॉकनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत खाली जातं, आणि दोन आठवडे उलटले की बहुतेक बाबतीत उपचाराच्या आधी होतं त्याहूनही सुधारतं. आधीपेक्षा सुधारतं कसं? कारण डिप्रेशन स्वतःच आठवण खातं. हे आपण विसरतो. हिशोबात पक्की असलेली कोषाध्यक्ष ताई वजाबाकी चुकायला लागते, बैठकीची तारीख विसरते, भाजीत मीठ दोनदा टाकते, ते शॉकच्या कितीतरी आधी. आजार उतरला की डोकं परत चालायला लागतं.

तिसरी गोष्ट मात्र जपून ऐका, कारण खरं नुकसान होतं ते इथे. जुन्या आठवणी. लहानपणीच्या, लग्नाच्या, पोरांच्या जन्माच्या आठवणी सहसा राहतात. जातात त्या शॉकच्या आधीच्या काही आठवड्यांच्या, काही महिन्यांच्या. पुतण्याचं लग्न झालं, फोटोत ही उभी आहे, पण तिला आठवत नाही. यातलं बरंच हळूहळू परत येतं. काही येत नाही. आणि काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत त्याहून मागच्या आठवणींतही भोकं पडतात. 2003 साली इंग्लंडमध्ये संशोधकांनी डॉक्टरांना नाही तर शॉक घेतलेल्या माणसांना काय वाटतं ते बघितलं, तर निदान एक तृतीयांश जणांनी सांगितलं की आमच्या काही आठवणी कायमच्या गेल्या. डॉक्टरांच्या चाचण्यांत हा आकडा इतका दिसत नाही. माझं मत विचाराल तर दोघांचंही खरं असतं. चाचणीत विचारतात, ही पाच चित्रं लक्षात राहिली का. बाईला हवी असते वडिलांची शेवटची भेट. ती कुठल्या चाचणीत मोजणार?

जे जात नाही तेही सांगते. तुमची बोली जात नाही. भाकरी थापणं, शिलाई मशीन चालवणं, निंदणी, गाईचं दूध काढणं, हाताला बसलेलं काही जात नाही. शिकलेलं वाचणं-लिहिणं जात नाही. आणि पोरं वळखू येतात. त्या बाईला माझा निरोप द्या. उठल्या उठल्या त्या अर्ध्या-एक तासात गडबड होईल, पण ती पोरांना विसरून घरी जाणार नाही.

आठवणीचा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी आहेत, आणि त्या विचारायला शिक्षण लागत नाही. पट्ट्या दोन्ही बाजूंना लावणार का एका बाजूला? उजव्या एका बाजूला लावल्या तर आठवणीवर परिणाम कमी होतो. पण फार घाई असेल, जीव धोक्यात असेल, तर दोन्ही बाजूंचा लवकर गुण देतो म्हणून डॉक्टर तो निवडतात, हे त्यांचंही बरोबर आहे. आठवड्यात तीन देणार का दोन? दोन दिले तर गुण थोडा उशिरा येतो, पण गोंधळ कमी. मशीन बारीक ठोक्यांचं आहे ना? जुन्या पद्धतीच्या सलग लाटेच्या करंटने आठवणी जास्त जात. आणि प्रत्येक दोन-तीन शॉकनंतर तुम्ही हिची आठवण तपासणार का? गोंधळ वाढत असेल तर अंतर वाढवता येतं, बाजू बदलता येते. हे प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

आता सहीचं. शॉकला संमती लागते, आणि ती संमती बाईची स्वतःची. नवऱ्याची सही म्हणजे तिची सही नाही. तिला समजेल अशा भाषेत, अहिराणीत म्हणा, पावरीत म्हणा, सांगून मग अंगठा. अगदी तातडीच्या वेळेला कायदा डॉक्टरांना काही गोष्टी संमतीशिवाय करू देतो, पण त्यात शॉक बसत नाही. अठरा वर्षांखालच्या पोरीला शॉक द्यायचा तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी, दोन्ही लागतात.

पण बाई इतकी आजारी आहे की तिला काही समजतच नाही, मग? त्यासाठी कायद्यात एक चांगली सोय आहे, आणि ती फार थोड्या जणींना माहीत आहे. बरी असतानाच प्रत्येक बाईला साध्या कागदावर लिहून ठेवता येतं की माझ्यावर अशी वेळ आली तर माझ्या वतीने अमकी व्यक्ती बोलेल. सही किंवा अंगठा करायचा. ती व्यक्ती सज्ञान हवी आणि तिची लेखी तयारी हवी. नवराच पाहिजे असं नाही. बहीण चालेल, आई चालेल, गटातली मैत्रीण चालेल. शिवाय कोणते उपचार हवे, कोणते नको, हेही आधी लिहून ठेवायची तरतूद आहे, त्याला साक्षीदार आणि नोंदणी लागते. ज्या बाईला एकदा हा आजार होऊन गेलाय तिने तरी हे करून ठेवावं.

अजून एक भीती बाया कानात सांगतात. "शॉकचा कागद नवऱ्याच्या हातात पडला तर तो म्हणेल ही येडी आहे, आणि सोडून देईल." ही भीती हवेतली नाही, असले कागद कोर्टात फडकवलेले आहेत. पण कायदा असा आहे की पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, आणि आजार आहे एवढ्यावरून कोणी वेडं ठरत नाही. घटस्फोटासाठी आजार इतका असावा लागतो की सोबत राहणंच शक्य नाही, आणि ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. उपचाराचे कागद गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे, आणि ते मागायचा हक्क त्या बाईचा आहे. फाईल तिच्याजवळ नाही तर तिच्या भरवशाच्या माणसाजवळ ठेवा.

आता गटाकडे येते. आजारी बाईला गट काय करू शकतो? 'धीर देऊ' एवढं म्हणून चालत नाही, ते सगळेच देतात.

कोर्स सुरू व्हायच्या आधी तिच्या सोबत एक वही करा. पोरांची नावं, शाळा, बँकेचं पासबुक कुठे, गटाचं कर्ज किती बाकी, कोणाला उसने दिले, कोणाकडून घेतले, कोणती गोळी कधी, भिशीचा नंबर कधी. मागच्या सहा महिन्यांत घरात काय काय घडलं तेही, आणि फोटो चिकटवा. नंतर वही वाचून ती म्हणते, हो का, असं झालं होतं का. आठवण परत येत नसली तरी ती गोष्ट तिची राहते.

ती अध्यक्ष, सचिव किंवा कोषाध्यक्ष असेल तर दोन महिन्यांसाठी काम दुसरीकडे द्या, ठराव करून द्या, आणि ठरावात 'तात्पुरते' असं लिहा. पद काढून घेऊ नका. आणि हे लक्षात ठेवा: कोर्स चालू असताना आणि नंतर दोन-तीन आठवडे तिच्याकडून कर्जाच्या, जमिनीच्या, विम्याच्या कुठल्याही कागदावर सही घ्यायची नाही. घरच्यांनाही घेऊ द्यायची नाही. एका गटात असंच झालं. शॉकच्या त्याच आठवड्यात बाईच्या नावावर अंतर्गत कर्ज काढलं, पैसे दुसऱ्याच कामाला गेले, आणि दोन महिन्यांनी ती म्हणते मी सही केलीच नाही. ती खोटं बोलत नव्हती, गटही खोटं बोलत नव्हता. पण गट फुटला.

हप्ता थांबवायचा का पुढे ढकलायचा ते बैठकीत ठरवा, पण तिच्या पाठीमागे कुजबूज नको. आणि जायच्या-यायच्या पाळ्या लावा. सहा ते बारा फेऱ्या असतात. प्रत्येक वेळी सोबत माणूस लागतो, त्या दिवशी बाईला एकटी एसटीत बसवून द्यायचं नाही. एकट्या नवऱ्याचे बारा रोज बुडाले तर पाचव्या फेरीला तो म्हणतो, आता बरी दिसते, पुरे. अर्धवट सोडायचं मोठं कारण हेच आहे, अंधश्रद्धा नाही.

कुठे जायचं? राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. खान्देशात एकही नाही, ही आपली अडचण आहे. पण प्रत्येक वेळी तेवढं लांब जावं लागत नाही. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मनोविकार ओपीडीला तिथून सुरुवात करा. जायच्या आधी घरून बोलायचं असेल तर 14416 हा टेली-मानसचा नंबर. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलतात. जीव द्यायचं बोलणाऱ्या बाईला एकटं ठेवू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, आणि मग फोन लावा. ह्याच क्रमाने. जीव द्यायचा प्रयत्न झाला तर पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करतात. 2017 च्या कायद्याने अशा माणसाला तणावाखालचा रुग्ण धरलंय, शिक्षा नाही.

हल्ली एक दुसरा उपचारही जाहिरातीत दिसतो, त्याबद्दल थोडं. टीएमएस. यात करंटची पट्टी नाही, चुंबकाचं वेटोळं डोक्याला टेकवतात. 1985 साली इंग्लंडमधल्या शेफील्डला ते यंत्र पहिल्यांदा दाखवलं, आणि 2008 साली अमेरिकेत डिप्रेशनसाठी मंजूर झालं. भूल नाही, फिट आणायची नाही, बाई जागी खुर्चीत बसलेली असते, टक-टक आवाज येतो म्हणून कानात बोळे घालतात. आठवण जात नाही. थोडं डोकं दुखतं, क्वचित फिट येते. डोक्यात धातूची पट्टी, कानातलं ऑपरेशन करून बसवलेलं यंत्र किंवा पेसमेकर असेल त्यांनी सांगायलाच हवं. मग सगळ्यांना हेच का देत नाहीत? कारण जेवण सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या बाईला ते शॉकइतकं उपयोगी पडत नाही. आणि आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे रोज जावं लागतं. मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात प्रत्येक वेळेचे पैसे मोजून, खोली घेऊन राहून, हे कपाशी वेचणाऱ्या बाईला कसं जमणार? गोळ्यांनी गुण नाही, पण आजार जिवावर आलेला नाही, आणि जवळ सोय आहे, अशीसाठी ते चांगलं. मोबाईलवर मागवायच्या बॅटरीच्या पट्ट्या मात्र डोक्याला लावू नका.

माझं बोलणं झालं. आता विचारा.

एक ताई: शॉक एकदा घेतला की आयुष्यभर घ्यावा लागतो का?

नाही. पण कोर्स संपला म्हणजे आजाराचं मूळ उपटलं असंही नाही. 2001 च्या एका अमेरिकन अभ्यासात कोर्सनंतर ज्यांना काहीच औषध दिलं नाही, त्यातल्या शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांना सहा महिन्यांत आजार उलटला. दोन औषधं चालू ठेवली त्यांच्यात चाळीसच्या आत. म्हणून नंतर गोळ्या चालू ठेवायच्या. थोड्या जणांना महिन्यातून एखादा शॉक काही काळ द्यावा लागतो.

दुसऱ्या ताई: माझी सून बाळंतीण आहे. बाळाकडे बघत नाही, झोपत नाही, काहीबाही बोलते. तिला बाहेरचं झालं म्हणतात.

ताई, थांबू नका. बाळंतपणानंतरचा हा आजार असतो, आणि तो फार वेगाने वाढतो. उद्या नको, आज दाखवा. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, पण हिरावूनही घेऊ नका, जवळ माणूस बसवा. यात गोळ्यांनी भागतं की शॉक लागेल ते डॉक्टर ठरवतील. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असतानाही शॉक देता येतो, फक्त बायांच्या डॉक्टरांना सोबत घेतात. भाषण संपल्यावर माझ्याकडे या, इथूनच फोन लावू.

तिसऱ्या मावशी: शॉक घेतल्यावर शेतात कधी जायचं?

मावशी, त्या दिवशी नाही. त्या दिवशी चूल नको, विहीर नको, गाडी चालवणं नको, एकटीने झोपणं पण नको. दुसऱ्या दिवशी अंग बरं असेल तर घरातलं हलकं काम चालेल. कोर्स चालू असेपर्यंत कडबा कुट्टीच्या मशीनजवळ आणि फवारणीला पाठवू नका, लक्ष लागत नाही. वेचणीला जायचं म्हणत असेल तर जाऊ द्या, सोबत कोणी असेल तर. तिच्या गाठोड्याचं वजन मात्र तुम्ही लिहून ठेवा, कारण संध्याकाळी किलो किती झाले ते तिला आठवेल असं नाही, आणि मजुरी तिची बुडायला नको.